पट्टा मुरवताना

आखाजीला अकरा दिवस होते
तेव्हा धरणगावच्या उखर्डूनानांनी पट्टा हातात दिला.
म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत भिजून निघालेलं,
चार बोटं रुंद, हातभर लांब.
"नवा शे, कडक शे," म्हणाले,
"तेल मांगी, पन लगेच देऊ नको. पहिले हात दे."

आरशाच्या डावीकडे, जुन्याच खिळ्याला अडकवला.
भिंतीवर जुन्या पट्ट्याचा काळपट डाग होताच,
वरून खाली.
नवा त्याच्यापेक्षा बोटभर आखूड पडला.

दुपारी गिऱ्हाईक नसतं.
रस्त्याचं डांबर मऊ होतं,
कुत्री रसवंतीच्या टाकीखाली जाऊन पडतात,
आणि मी तळहात घासत बसतो पट्ट्यावर.
कातडं आधी काहीच घेत नाही;
रुसलेल्या व्याह्यासारखं,
पुढ्यातला चहा निवू देतं.
चौथ्या दिवशी सोड्याची बाटली फिरवली, लाटण्यासारखी.
सातव्या दिवशी एरंडेलाचे तीन थेंब.
नवव्या दिवशी आवाज बदलला.

आधी वस्तरा त्यावर खरखरायचा,
पऱ्हाट्यांची मोळी ओढत नेल्यासारखा.
आता जाताना सप्.
येताना सुप्.
सुपडूआबा म्हणायचे, धार डोयाले दिसस नही,
कानले समजस.

मला दहाव्या वर्षी उभं केलं त्यांनी,
पायाखाली साबणाचं खोकं देऊन.
"ताणीसन धर. ढिला पडना का धार गोल व्हस.
पाठ पुढे, धार मागे.
टोकले गया का पाठवर फिरव. धारवर नको."
तिसऱ्याच फेरीला मी धारेवर फिरवला.
पट्ट्याच्या उजव्या कडेला, वीतभर खाली,
नखाएवढी खाच.

आबा ओरडले नाहीत.
खुर्चीत बसले, मान मागे टाकली.
"आते ह्याच वस्तराघाई मन्ही दाढी कर."
कानाखाली एक थेंब आला.
तुरटी त्यांनी स्वतःच लावली,
आणि दाढीचे पैसे दिले, सुटे, मोजून.

ते गेले. पट्टा राहिला. बेचाळीस वर्षं
खाच आली की मी हात किंचित उचलला,
खाच सरली की टेकवला.
कोणाला दिसलं नसेल. मलाही आता आता दिसायचं बंद झालं होतं.

हल्ली सगळं काम अर्ध्या पानाच्या ब्लेडवर.
कागद गिऱ्हाईकासमोर फाडावा लागतो,
आणि ते बरंच आहे, मी फाडतो.
जुना वस्तरा निघतो फक्त रविवारी,
जिनातले मापाडी विश्रामकाका येतात तेव्हा.
त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.
एका दाढीसाठी एवढं कातडं कशाला,
असं उखर्डूनानांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

दहाव्या दिवशी वस्तरा नव्या पट्ट्यावर घातला
आणि वीतभर खाली हात उचलला गेला.
कातडं तिथं कोरं होतं, सलग.
पुन्हा केलं. पुन्हा उचलला गेला.
मी हसलो, एकटाच, दुकानात.

आखाजीच्या आधीचा रविवार. गर्दी.
निंबाला म्हटलं, तू लाव धार.
हा माझा भाचा, शिरपूरचा,
केसांना रेघा पाडण्यात हुशार,
पट्ट्याला कधी हात लावला नव्हता त्यानं.
नुसता बघायचा, मोबाईलवरून मान वर करून.
ताणून धरला. पाठ पुढे. धार मागे.
टोकाला पाठीवर फिरवला, अगदी बरोबर.
आणि वीतभर खाली
त्याचाही हात उचलला.

विश्रामकाका खुर्चीत, डोळे मिटलेले, फेऱ्या मोजत.
"नवा पट्टा बसाडा म्हने तू," ते पट्ट्याकडे तोंड करून म्हणाले,
"हाऊ ते जुनाच शे."

मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला होतो,
वाटीत फेस करत.