बिजागरी

गंगावेशीत दूध प्यायला गेलो, तिथंही विचारलं,
काय बघितलं मग बेटावर?
हे म्हणाले, पाणी.
एवढंच. आणि मिशीवरचा फेस पुसला.

वर्षात साडेचारशे टन सिमेंट खपवलं
म्हणून कंपनीनं दिलेली दोन तिकिटं.
बेटाचं नाव मला अजून धड घेता येत नाही.
कावळा नाक्यावर गाडीत बसल्यापासून पाठ करत होते,
कराड गेलं तोवर विसरले.
बॅगेत चटणीची बरणी, बरणीवर प्लास्टिक,
प्लास्टिकवर फडकं, फडक्यावर यांचा स्वेटर.
स्वेटर कशाला, तिथं घामाच्या धारा लागतात, म्हटलं.
असू दे, परगाव आहे, म्हणाले.

समुद्र निळा असेल वाटलेलं. हिरवा होता,
चुड्यासारखा हिरवा, आणि कोमट,
कुणीतरी आत्ताच बंबातून काढून ठेवल्यासारखा.
मी गुडघ्यापर्यंत गेले. मग कमरेपर्यंत.
साडी फुगली, मी हसले,
एकटीच, मोठ्यानं,
गल्ल्यावर बसून कधी हसले नाही तशी.
पेठवडगावचे बाळगोंडा तेवढ्यात फोटो काढून गेले
आणि तो आता सगळ्या डीलर लोकांकडं आहे.
असू दे.
हे काठावर, पँट दुमडून,
पंचगंगेच्या घाटावर कुणाच्या दहाव्याला बसावं तसे.
पायात चपला तशाच.
लाट आली की नुसते पाय वर उचलायचे.

दुसऱ्या दिवशी जुनं गाव.
खाली दुकानं, वर घरं, लाकडी झडपांच्या खिडक्या,
एक भिंत हळदीची, एक जांभळाची,
एकीचा रंग इतका उडालेला की
आधी कुठला होता ते तिलाच आठवत नसावं.
झेंडी घेतलेली पोरगी पुढं, मागं आम्ही चाळीसजण,
आणि मोजले तर एकोणचाळीस.

हिंदुराव सापडले हार्डवेअरच्या दुकानात.
तसलंच अंधारं. तसेच खिळ्यांचे खण,
तसाच काटा, एक पारडं दोऱ्यानं बांधलेलं.
आतला म्हातारा खणामागून खण उघडून दाखवतोय,
आणि हे, जे दोन दिवस माझ्याशी चार वाक्यं बोलले नाहीत,
अस्सल कोल्हापुरीत त्याला विचारतायत,
आवो, ही पितळंची कडी तुमच्यात केवढ्याला पडती?
तो त्याच्या भाषेत काहीतरी सांगतोय.
हे मान हलवतायत. महाग आहे, म्हणाले मला.

मी समोरच्या ओट्यावर जाऊन बसले.
एक बाई दगडी उखळात सुकी कोळंबी कुटत होती,
लाल मिरची, खोबरं, आणखी एक पाला, मला न कळलेला.
भातावर घालून तिनं पुढं केलं.
वास उग्र होता. चव त्याहून उग्र.
मी सगळं खाल्लं, बोटं चाटली,
मग पर्समधली पुडी सोडली.
तिनं चिमूटभर कांदा-लसूण जिभेवर ठेवली, थांबली,
मुलीला हाक मारली.
मुलीनं खाल्ली, तिनं शेजारणीला हाक मारली.
तिघी मला एकदम काहीतरी म्हणाल्या.
मी म्हटलं, होय.

येताना लोकांनी चॉकलेटं आणली, मोत्यांच्या माळा आणल्या.
यांनी एक बिजागरी.
लक्ष्मीपुरीत आमच्याच दुकानात
डझनावारी लटकलेल्या असताना.
काउंटरच्या फळीला बसवायची म्हणून
चार दिवस कानस घेऊन बसलेत.
माप जुळत नाही, भोकं जुळत नाहीत,
गिऱ्हाईक चुका मागतंय, हे डोळे बारीक करून
स्क्रू फिरवतायत.
चपला दाराशी. त्यांच्यावर मिठाची पांढरी रेघ,
दोनदा तेल लावलं तरी वर येते.

काल रात्री दुकान बंद करताना मी फळी उचलली.
बारीकसा आवाज आला.
तेल घालू का, म्हटलं.
नको, म्हणाले.
आणि स्वतः येऊन परत एकदा उचलून बघितली.