केसभर

बाबांचा कान असा की
शेजारच्या घरात कुणी कपाट उघडलं
तरी म्हणायचे, बिजागरी जरा उतरलीय.
डुनेडिनमधले निम्मे पियानो त्यांच्या हाताखालून गेलेले,
चर्चमधले, शाळांतले,
आणि ज्यांच्यावर आता फक्त फोटो ठेवतात तेही.
तार केसभर चढली, केसभर उतरली
की कपाळाला आठी.
घरात त्यांनी आवाज चढवलेला
मी कधी ऐकला नव्हता.

त्या शनिवारी मी अकरा वर्षांची,
पुढच्या सीटवर, मांडीवर त्यांची हत्यारांची पिशवी.
पोर्टोबेलोचा रस्ता तेव्हा अरुंद होता.
डावीकडे बुटका दगडी कठडा, खाली थेट बंदराचं पाणी,
उजवीकडे टेकडी,
आणि समोर पिवळ्या बंडीतला एक म्हातारासा माणूस
सायकलवर, वाऱ्याशी हुज्जत घालत,
मागे कॅरिअरला कांद्यांची जाळी.
आम्हाला उशीर झाला होता.
दोन वाजता हॉलमध्ये लग्न
आणि तिथला पियानो पाच वर्षं कुणी उघडला नव्हता.

पहिला हॉर्न छोटा.
दुसरा लांब.
तिसऱ्याला बाबांनी तळहात उचललाच नाही.
तो बाजूला होईना.
होणार कुठं? पाण्यात?
हे मला आत्ता सुचतंय.
तेव्हा मी म्हणाले होते,
"मुद्दाम करतोय तो, बाबा."

मग आम्ही त्याला घासून गेलो.
माझ्या काचेला लागून त्याचं कोपर,
स्वेटरला तिथं वेगळ्या लोकरीचं ठिगळ,
इतकं जवळ की टाके मोजता आले असते.

पुढे रस्त्याचं काम, लाल दिवा.
त्यानं गाठलं आम्हाला, टपावर मूठ मारली.
एकदाच. सगळा पत्रा घुमला.
बाबा उतरले तेव्हा त्यांच्या हातात
तारा पिळायचा पाना होता.
पिशवीचं तोंड मीच उघडून धरलं असणार.
तिची दोरी एका हातानं सुटत नसे.

काचेतून शब्द नीट आले नाहीत.
शिव्या होत्या, दोघांच्याही.
बाबांच्या तोंडात त्या नव्या बुटांसारख्या करकरत होत्या.
तो थुंकला.
बाबांनी हँडल धरून हिसडा दिला,
जाळी फाटली
आणि कांदे उतारावरून निघाले,
काही आमच्या गाडीखाली, एक थेट कामगारांच्या खड्ड्यात.
तो माणूस भांडण अर्ध्यावर टाकून
कांदे गोळा करायला वाकला.
वाकताना त्याचे गुडघे लटपटत होते.
बाबा पाना धरून तसेच उभे,
कुणाच्या तरी घरी चुकून शिरल्यासारखे.
मागची गाडी हॉर्न देऊ लागली.
दिवा कधीचा हिरवा झाला होता.

हॉलमध्ये त्यांनी झाकण उघडलं,
मधली एक पट्टी दाबली.
पुन्हा दाबली.
पुन्हा.
खुर्च्या मांडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.
शेवटी हळूच म्हणाले,
"एल्स्पेथ, तू सांग. चढलाय की उतरलाय?"
मला काय कळणार?
मी म्हणाले, "बरोबर आहे."
लग्नात कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

आईला आम्ही सांगितलं नाही.
एकमेकांतही तो विषय काढला नाही,
त्यांच्या शेवटच्या आजारात
दोघंच असायचो रात्रभर, तेव्हाही नाही.

मी आता सायकलनं कामाला जाते.
बंदराच्या कडेनं वेगळी वाट झालीय,
ती संपते तिथून पुढे मात्र सगळ्यांचा एकच रस्ता.
पाठीमागं गाडी आली की
इंजिनावरून कळतं मला
चालवणाऱ्याला किती उशीर झालाय.
कान बाबांचाच आलाय.
मान वळवत नाही.
ऐकत राहते,
शेजारच्या सीटवर कुणी आहे का,
आणि ते काय म्हणतंय.