सात चारशे वीस

हर्णैला माझ्या दुकानातला काटा
काचेच्या पेटीत असतो,
बंदरावरचा वारा लागू नये म्हणून.
मोजताना मीही श्वास धरतो.
गुंजेचे शंभर वाटे करा,
एकेका वाट्याचा हिशेब देईल.

बंदीचे दिवस. होड्या शाकारलेल्या,
लिलावाच्या वाळूवर कुत्री झोपलेली.
लोक येतात ते मोडायला,
घडवायला दिवाळीपर्यंत कुणी नाही.
तशात एका दुपारी प्रज्योत आणि फैज
शर्टाच्या पोटात लपवून
चाळीस पाकिटं घेऊन आले.
बुरोंडकर जेवायला गेलेत, म्हणाले,
भाच्याला सांगून आणलीत,
तासाभरात परत खिळ्याला लावायची.
चंदेरी पाकिटं, कडांना करवतीचे दात.
दहा रुपयांना पाच पत्ते,
कोणते, ते ज्याचं त्याचं नशीब.

"काका, नुसतं वजन करा.
सोनेरी पत्त्याला मुलामा असतो, तो जड भरतो."

मुलामा!
माझाच शब्द मला शिकवत होती पोरं.
हसलो, आणि पहिलं पाकीट ताटलीत ठेवलं.

सात चारशे वीस.
सात चारशे वीस.
सात चारशे दहा.
सात सहाशे दहा —
फैजने टेबलाची कड धरली.
फाडलं. आतून निघाली वज्रघार,
पंख पसरलेली, मोरपिशी,
जरा कलती केली की पिवळीधमक.
दोघं असे ओरडले
की समोरच्या दवाखान्यातून डॉक्टर बाहेर आले,
आणि खरं सांगायचं तर
मीही ओरडलो होतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी तिचं वजन केलं होतं.

पंधरा दिवस हेच चाललं.
जड ती त्यांची, रोख पैसे देऊन, चोरी नाही.
हलकी परत माळेला.
बुरोंडकर खूश. मलाही एक पत्ता मिळाला,
तो काचेखाली ठेवला,
मंगळसूत्राच्या वाट्यांशेजारी.

मग एका शुक्रवारी सुपारी घ्यायला टपरीवर उभा होतो,
तर पाजपंढरीच्या चोगल्यांची जुईली आली.
दहा सुटी नाणी,
मुठीत धरून धरून ओली झालेली,
सुकटीच्या वासाची.
तिने डोळे मिटले,
ओठांत काहीतरी पुटपुटली,
आणि माळेतलं एक पाकीट ओढलं.

ते पाकीट मला ठाऊक होतं.
सात चारशे वीस. फार तर चारशे दहा.
त्या अख्ख्या माळेत दुसरं काही उरलंच नव्हतं.

तिने दातांनी फोडलं,
पाच पत्ते पाहिले,
मागून पाहिले, पुन्हा पुढून पाहिले.
"पुढच्या टायमाला," म्हणाली,
बुरोंडकरांना, की मला, की कुणालाच नाही.
सुपारी घ्यायची राहिली.

शनिवारी नवी माळ आली. पोरं हजर.
गादीवर बसवताना वडलांनी
एकच शपथ घातली होती,
ती इथे उच्चारत नाही.
पहिलं पाकीट: सात सहाशे दहा.
आकडे माझ्याकडे तोंड करून असतात.
म्हटलं, सात चारशे वीस.
पुढचं खरंच चारशे वीसचं होतं,
ते सहाशे तीस सांगितलं.
प्रज्योतने फाडलं. फुसकं.

"काका, काट्याला काय झालं?"
हवा दमट आहे रे, म्हटलं,
पुठ्ठा पाणी पितो,
जुलैत कशाच्याच वजनावर भरवसा ठेवू नये.

ती गेल्यावर एक पाकीट विकत आणलं,
रात्रभर न्हाणीत ठेवलं.
सकाळी पुसून काट्यावर घेतलं.
एका मिलिग्रॅमनेही वाढलं नव्हतं.

पोरं आता येत नाहीत.
टपरीवर माळ हलते,
तिच्यात कुठेतरी सात सहाशे दहा लटकतंय,
किंवा कालच कुणी नेलं असेल.
सुपारी मी हल्ली
वरच्या आळीतून आणतो.