शेपटीला मिशी

बसा. चटईवर. चपला बाहेर.
तुमच्या मार्था टीचरना आज वॉर्डात डबल ड्यूटी,
म्हणून मी आलोय, त्यांचा नवरा,
जहाजांची बुडं खरवडणारा माणूस.
मला गोष्टी येत नाहीत.
कागदावर लिहून दिलंय त्यांनी :
मुंग्या. एकी. मग प्रार्थना.
सव्वादहाला खोली सोडा, मल्याळी मंडळी खोळंबतात.

तर, मुंग्या...
काय म्हणतोस, योएल?
मुंग्या दिसल्या की वॉचमन फवारा मारतो?
बरं, मग बैल घेऊ. दोन बैल, एक जू...
निष्ठा विचारते, जू म्हणजे जिथे जिराफ असतात ते का?

राहू द्या तो कागद.

काल मी हिद्दच्या धक्क्याखाली होतो.
पाणी चहासारखं, तसंच कोमट, तसंच गढूळ.
खाली वाळू, वाळूत बीळ,
बिळाच्या तोंडाशी बोटभर मासा
नुसता बसलेला.
म्हटलं, आळशी दिसतोय.
तेवढ्यात आतून एक कोळंबी आली
बुलडोझरसारखी वाळू ढकलत.
ढीग टाकला, आत गेली.
पुन्हा आली, पुन्हा ढीग.
मासा एक कण हलवेल तर शपथ!

हो निष्ठा, मलाही तो अन्यायच वाटला.

पण त्या कोळंबीला नीट दिसत नाही.
बाहेर आली की आपली एक मिशी, केसाएवढी,
ती माशाच्या शेपटीला लावून ठेवते.
काम करताना, वळताना, ढीग टाकताना,
उचलत म्हणून नाही.
आणि वरून हामूर आला
(हो, तुमच्या ताटातलाच हामूर)
की छोट्याची शेपूट जराशी थरथरते.
कोळंबी आत!
मागोमाग तो, डोकं खाली घालून.
रात्री दोघं त्याच बिळात झोपतात.

त्याला खणता येत नाही. तिला दिसत नाही.
दोन्ही एकालाच द्यायला देवाला काय जड होतं?
विचारलं मी त्याला.
पाण्याखाली काहीही विचारता येतं, कुणी ऐकत नाही.
म्हणजे, तो सोडून.

मी श्रीरामपूरकडचा, विहिरीत पोहायला शिकलो.
समुद्राची भीती अजून गेलेली नाही, टीचरना सांगू नका.
वर होडीत कासिम असतो, बलुच.
त्याची प्रार्थना वेगळी, डबा वेगळा,
माझ्या कमरेचा दोर मात्र त्याच्या मुठीत.
एक झटका : मी ठीक.
दोन : दोर सैल सोड.
तीन : वर ओढ.
अकरा वर्षं झाली,
चहा पितानाही त्याने ती मूठ उघडलेली नाही.

येशूने आपल्या माणसांना गावोगाव पाठवलं
ते दोघे-दोघे. एकट्याला नाही धाडलं.
का, ते मी लहानपणी विचारायचो,
तर मला गप्प बसवायचे.
काल त्या बिळापाशी थोडंसं कळलं.
सगळं नाही.

आता हे नोहाचं तारू.
योएलला रंगवायला घेत नाही म्हणे तुम्ही,
बुधवारी चष्मा फुटला, तो रेघेबाहेर जातो.
आणि निष्ठाचा हात प्लास्टरमध्ये.
बस गं त्याच्याशेजारी.
तू बघ. ब्रश त्याच्याकडे.
खांदा त्याच्या खांद्याला टेकव आणि बोल :
डावीकडे. अजून. थांब. थांब म्हटलं ना!

जिराफाची मान निळी झाली.
होऊ दे. पुरात भिजली असेल.

मल्याळी चपला दारात जमायला लागल्या.
डोळे मिटा. मोठी प्रार्थना मला येत नाही :
प्रभू, मिशी सुटू देऊ नकोस. आमेन.

काय गं, तिर्झा?
तू तर कुणाशी बोलत नाहीस म्हणतात.
शर्ट ओढतेस माझा?
एक.
दोन.
तीन.

ये.