समोरच्या दारापुढच्या चपला

शुक्रवारी दुपारी, नमाज सुटून गेल्यावर,
समोरच्या दारापुढे चपला जमायच्या.
पुरुषांच्या.
मी मोजायचे, गॅस बारीक करून,
दाराच्या भिंगाला डोळा लावून, झारा हातात तसाच.
सात. कधी नऊ.
एकदा अकरा, शिवाय सिमेंटने पांढरे पडलेले बूट.

आत राहते एडिथा. फिलिपीनची. एकटी.
केस लाल, हसणं जिन्याभर.

फहाहीलमधल्या आमच्या इमारतीच्या भिंती पुठ्ठ्याच्या,
पण कुणाकडे कोण येतं त्याचा हिशेब पक्का.
तिसऱ्या मजल्यावरच्या कुंजम्माने नुसत्या भुवया उचलल्या.
मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय,
आणि मग पाऊण तास तेच करत बसलो दोघी.

संध्याकाळी दिव्यापुढे मात्र मी सरळ उभी.
कपाटाच्या मधल्या खणात देव,
वर टॉवेल, खाली कांदे-बटाटे.
सगळ्यांचं भलं कर म्हणायचे.
सगळ्यांत एडिथा धरली होती की नाही, आठवत नाही.

फेब्रुवारीत धुळीचं वादळ सुटलं
त्या शुक्रवारी मी कचरा टाकायला बाहेर आले
आणि वाऱ्याने मागे दार आपटलं.
चावी आत, फोन आत,
कुकर आत, दुसऱ्या शिट्टीवर.
हे अहमदीला ड्युटीवर.
कोकणातल्या होत्या नव्हत्या त्या देवांना हाक मारली
आणि उघडलं ते समोरचं दार.

आत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली.
खुर्ची एकच. तीत पोरगेला नेपाळी,
गळ्याभोवती जुनी चादर.
एडिथाच्या हातात कात्री, दातांत कंगवा.
भिंतीला टेकून बाकीचे,
पाय पोटाशी घेऊन, पहिलीच्या वर्गासारखे.
कुणाच्या मोज्यातून अंगठा बाहेर.

एक जण उठला. त्याच कात्रीने
पाण्याच्या बाटलीची पट्टी कापली,
माझ्या दाराच्या फटीत सरकवली, दोनदा हलवली.
दार उघडलं.
तो आत आला नाही.
उंबऱ्याबाहेरच थांबून, नजर खाली,
म्हणाला, "मॅडम, गॅस."
भिंगाची त्यालाही माहिती असावी.

नंतर मी गेले. विचारायला, की माफी मागायला,
मलाच नक्की नव्हतं. माफी राहिली, विचारलं.

ती केस कापता कापताच सांगत होती.
मुलगा सहा वर्षांचा असताना तापात जवळजवळ गेलाच होता.
तेव्हा बोलले, हा वाचला तर
ज्याला सलूनचे पैसे जड, त्याचे केस
सुट्टीच्या दिवशी फुकट कापीन.
तिने तिच्या भाषेतला कुठलासा शब्द वापरला.
मला तो नवस असाच ऐकू आला.
मुलगा आता चोवीसचा. फोनही फारसा करत नाही.
"पण बोलणं त्याच्याशी कुठे झालं होतं,"
असं म्हणून तिने त्या पोराचं डोकं
दोन बोटांनी जरा डावीकडे वळवलं.

मी सातेरीला ओटी बोलले होते,
यांचा व्हिसा लागला तेव्हा. सतरा वर्षं झाली.
दर सुट्टीत काहीतरी निघतं,
कुणाचं लग्न, माझी दाढ, बँकेची सही जुळत नाही.
देवी काही बोलत नाही.
तिला भिंग नसावं, किंवा असूनही लावत नसावी डोळा.

केरसुणी कोपऱ्यात होती. घेतली.
केस फार हलके असतात, केरसुणीच्याही पुढे पळतात.
दोनदा झाडलं तरी माझ्या पायांना चिकटून घरी आले.
घरी डाळ करपलेली, खिडकीच्या फटीत बोटभर धूळ.
आनंद व्हावा असं काही नव्हतं त्या दिवसात,
तरी भांडी घासताना मी गुणगुणत होते,
हे म्हणाले, "काय गं?"
काय सांगणार?

अजून मोजते मी शुक्रवारी.
सवय आहे, आणि चहा किती टाकायचा
ते कळायला नको?

परवा जिन्यात कुंजम्मा भेटली.
भुवया वर.
समोरच्या दारापुढे
माझ्या चपला तिने पाहिल्या असाव्यात.