फुकट गेलेली हळद

फाल्गुनात वसमतला हळद शिजते,
वास होस्टेलच्या उशीत शिरतो,
नखांत, नोटांच्या घड्यांत, वहीच्या कोपऱ्यात पिवळं.
आमच्या टीमनं त्या पिवळ्याला
दुसरंच काम लावून दिलं होतं.

नवी पोरगी आली की मॅचच्या आदल्या रात्री
तिला ओढणीनं खांबाला बांधायचं.
बादलीत हळद, वर रेषा आखायची फक्की,
पाणी पडलं की पिवळ्याचं लाल होतं,
थेट कुंकू.
ते तोंडाला फासायचं, टाळ्या पिटत:
"रडली तर नवरी, हसली तर खेळाडू!"

कुणी सुरू केलं, माहीत नाही.
मला लावली सुषमाताईनं, तिला छायाताईनं,
छायाताईला कुणीतरी, जिला आता
पुसदला दोन लेकरं आहेत.
पाठीत थाप बसली की उठायचं, पळायचं,
पुढच्या पाठीत थाप द्यायची.
मधेच दिशा बदलली तर फाउल.

गेल्या साली आम्रपालीच्या डाव्या डोळ्यात फक्की गेली.
ती हसत होती. खेळाडू होती ना.
टाकीच्या तळाला होतं तेवढं पाणी ओतलं,
गाळासकट.
सरांना सांगितलं, डाईव्ह मारताना माती गेली.
मीच सांगितलं. आवाज अजिबात कापला नाही.
पाचव्या दिवशी तिचे वडील येऊन ट्रंक घेऊन गेले,
जाताना आम्हालाच म्हणाले,
"पोरींनो, लई केलं तुम्ही तिचं."

औंदा मी कॅप्टन.
बादली माझ्या हातात.
शिवकन्या, कुरुंद्याची,
सांगितलं तसा जुना ड्रेस घालून आली,
वेणी वर बांधून,
आपणहून खांबाला पाठ लावली
आणि म्हणली,
"ताई, डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे?"

नियम विचारावा, तसं विचारलं.

मी बादली खाली ठेवली.
प्रतीक्षा म्हणली, "काय करायलीस? लाव की."
मी नाही म्हणलं.
"आमच्या टायमाला कोण नाही म्हणलं गं?"
कुणीच नाही.
अयोध्या अंधारातून पुढं आली,
तिचा ओठ थरथरत होता, रागानं का कशानं:
"मग आमची हळद फुकट गेली का?"

लांब कुठंतरी कढईखालची चुल्हाण अजून पेटलेली.
एक कुत्रं मैदान ओलांडून गेलं, सावकाश,
त्याला काही रेषा नव्हत्या.
"व्हय," मी म्हणलं, "फुकट गेली. माझीबी."

सातवीपासून खो-खो खेळते मी.
खो देणं आणि खो घालणं
ह्यातला फरक त्या रात्री कळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार गुणांनी हरलो.
"बघ," प्रतीक्षा म्हणली, "हळद नव्हती."
शिवकन्येचा गुडघा डाईव्हला फुटला होता,
मेसच्या डब्यातली चिमूटभर आणून दाबली,
तिनं तोंड वाकडं केलं, "आई गं," म्हणली,
आणि रडली. रडू दिली.
अयोध्यानं न बोलता पाण्याची बाटली सरकवली,
माझ्याकडं मात्र आठ दिवस बघितलं नाही.

सोमवारी सरांकडं जाऊन
गेल्या सालची माती परत घेतली.
सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.
म्हणले, "लिहून दे."
लिहून दिलं. सही केली. नावं घातली,
पहिलं माझं.

मग आम्रपालीला फोन लावला.
आईनं उचलला.
मला जे सांगायचं होतं ते घशातच होतं,
तोवर ती माउली म्हणली,
"बरी आहे बाई. शिवणक्लासला जायलीय.
मशीन छान चालवते.
सुईत दोरा तेवढा मी ओवून देते."