एकाच पानात

भोसरी, रात्रीचे पावणेअकरा.
पट्ट्यावरून एकामागे एक बेअरिंग सरकतंय,
वर कॅमेरा, सेकंदाला साठदा पापणी मिटणारा.
शकील मणेर म्हणाला, “मॅडम, हे बघा.
अर्धं गेलेलं, अर्धं आलेलं.”

खरंच तसं होतं.
वरच्या अंगाला नवं, चकाकतं,
खालच्या अंगाला मघाचंच, चरा पडलेलं,
मधे सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ.
असं बेअरिंग जगात कुठे नव्हतं
आणि मशीनने ते पास केलं होतं.

कर्नलचं सोवळं कडक.
बाहेरच्या प्रोग्रॅमने उंबरा ओलांडायचा नाही.
काही द्यायचंच तर नक्कल करून,
वरून, हात उंच धरून,
जशी माझी आई सहकारनगरात
सगुणाबाईंच्या कपात चहा ओतायची
कपाला भांडं लागू न देता.
लांब धार. थेंब सांडायचा नाही.
मला ते कसब वाटायचं.

पण साठ चित्रं सेकंदाला, बारा एमबीचं एकेक,
एवढं वरून वाढत बसलं
तर या चिमुकल्या बोर्डाचा खांदा निखळतो.
म्हणून कुलथ्यांनी, माझ्याआधी इथे होते त्यांनी,
सोवळ्याला एक खिडकी पाडली:
मेमरीचं पान एकच, पत्ते दोन.
ड्रायव्हर त्याला एका नावाने ओळखतो, प्रोग्रॅम दुसऱ्या.
कॅमेरा थेट पानात ओततो,
हा तिथूनच घास उचलतो.
आठ पानांची पंगत, गोल मांडलेली.

कोडमध्ये त्यांची एक ओळ होती, चक्क देवनागरीत:
जेवणारा वाढप्याहून चपळ आहे, काळजी नसावी.

होता. तेव्हा होता.
यंदा त्याच्या जागी आपण नवं मॉडेल बसवलं,
चरे शोधणारं, हुशार,
बत्तीस वेळा चावून खाणारं.
वाढपी फेरी पुरी करून परत आला
तर हा अजून त्याच घासात,
आणि याच्या अर्ध्या भातावर
त्याने ताजा भात टाकला.
दोघेही आपापल्या कामात चोख.
लॉगमध्ये चूक म्हणून एक अक्षर नाही.

साडेबाराला शकीलने डबा उघडला.
भाकरी, खिमा, कांदा बुक्कीने फोडलेला.
माझा डबा दुपारीच संपला होता.
तो कोरा कागद शोधू लागला
मला वेगळं वाढायला.
“नको रे, असंच ठेव मधे,” मी म्हणाले,
आणि हात पुढे केला,
आणि तो हात डब्यावर, वर, क्षणभर थांबला.
मला दिसला. त्यालाही दिसला असावा.
मग मी भाकरीचा तुकडा मोडला.

तो बुडवायचा तेव्हा मी थांबायची,
मी बुडवायची तेव्हा तो कांद्याकडे वळायचा.
कोणी ठरवलं नव्हतं.
पट्टा बंद होता, बाहेर एक टेम्पो
रिव्हर्सचं गाणं वाजवत कितीतरी वेळ मागे येत राहिला.

मग सात ओळी लिहिल्या.
प्रत्येक पानाच्या कडेला एक खूण:
शून्य असेल तर वाढप्याचं,
एक असेल तर जेवणाऱ्याचं.
त्याने “झालं” म्हटल्याशिवाय पानाला हात नाही.
आठही पानं भरलेली असली
तर पट्टा थांबव. उभा राहा. वाट बघ.

“मालक ओरडतील, थांबला तर,” शकील म्हणाला.
ओरडू देत.

दोन वाजून दहा मिनिटं.
अडीचशे बेअरिंग, एकही दुभंगलेलं नाही.
कुलथ्यांची ओळ खोडली नाही,
खाली एवढंच जोडलं: तरी विचारून घ्यावं.

प्रोग्रॅम बंद केला तेव्हा पानांची मोजणी बघितली.
सात पानं शून्यावर आली, सुटली.
आठवं एकवर अडकलंय.
पंगत उठली, दिवे मालवले,
आणि कोणीतरी अजून पानावर बसून आहे.
कोण, ते उद्या बघेन.
शकील नळावर डबा घासतोय,
झाकण माझ्या हातात राहिलंय.